उंबराच्या वळणावरची भिंत

कडुबा दाभाडे मागच्या पावसाळ्यात गेले. चिकलठाण्याच्या घरी शोकसभा झाली. कंपनीतले जुने लोक त्यांच्या रंगकामाबद्दल बोलले, वस्तीतले लोक विहारासाठी त्यांनी केलेल्या कष्टांबद्दल बोलले. कड्यावरच्या भिंतीचा विषय कोणी काढला नाही. काहींना ती ठाऊक नव्हती आणि ज्यांना ठाऊक होती त्यांना ती आवडलेली नव्हती. भिंत झाली तेव्हा मी तिथे होते. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

सोयगावकडे उतरणारा घाट लागण्याआधी एक कच्चा रस्ता आत वळतो आणि कोळधार नावाच्या गावाशी संपतो. गावापुढे जमीनही संपते. काळ्या कातळाचा तुटलेला कडा आणि खाली पसरलेला खानदेशाचा सपाट मुलूख. श्रावणात ढग कड्याच्या खाली असतात. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला शाळेच्या सहलीत सिस्टरांनी दाखवलेला हर्णैचा समुद्र आठवला. तसाच वारा, आणि पुढे पाऊल टाकायला जागा नाही हे तसेच पायांना आधी कळणे. हा सगळा भाग आता अभयारण्यात येतो. कड्याच्या काठाकाठाने एक वाट जाते. शहरातून गाड्या भरभरून मुले ती चालायला येतात. गावातले लोक तिला कडेवाट म्हणतात.

ही वाट बहात्तरच्या दुष्काळातली आहे. त्या साली पाऊस आला नाही, आणि सरकारने लोकांच्या हाताला काम म्हणून काठाने रस्ता करायला घेतला. कडुबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. त्यांचा थोरला भाऊ पुंडलिक आणि आई भागूबाई, तिघेही खडी फोडायला जात. कामावर खायला सुकडी मिळे. पाण्याची दोन पिंपे होती. एक गावाचे, एक गावाबाहेरच्या वस्तीचे, जिथे दाभाडे राहत. असे कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते. वस्तीचे पिंप उन्हे चढायच्या आत रिकामे होई.

वाटेवर एका ठिकाणी कडा आत वळतो. तिथे खाली, काठाला लागून एक अरुंद सपाटी आहे, तिच्यावर उंबराचे झाड आहे आणि झाडाच्या मुळाशी पाण्याचा झिरा आहे. कडक उन्हाळ्यातही तो ठिबकत राहतो. तिथेही आधी गावाची माणसे भरत. ती भरून झाली की मुळाशी फक्त चिखल उरे. मग मागून आलेल्याने झाडाच्या पलीकडे जायचे, जिथे तेच पाणी कातळावरून ओघळते, आणि ओणवे होऊन ओंजळ धरायची. ती पलीकडची कड मुरमाची आहे. वैशाखात एका दुपारी पुंडलिक तिथे ओणवा झाला आणि मुरूम त्याच्यासकट खाली गेला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, काम बंद पडले, रस्ता कुठेच न पोचता अर्धवट राहिला. कडुबा शहरात आले. तेव्हा चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते आणि माणसे हवी होती. माझे पती ज्या कंपनीत इंजिनिअर होते तिथे ते रंगखात्यात लागले. लोखंडी सांगाडे घासायचे, त्यांना प्रायमर मारायचा, वाळले की वरचा रंग द्यायचा. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केले. बोलणे थोडे, हसणे त्याहून थोडे. ह्यांनी कंपनीत रविवारी डोंगर चालायला जाणाऱ्यांचा एक गट काढला होता. कोणीतरी कोळधारच्या कड्याचे नाव काढले तेव्हा कडुबा म्हणाले, "साहेब, तिकडं मी येतो. पण उंबराच्या वळणावर मी सांगंल तसं चालायचं." त्या दिवशी वळणावर ते काठाच्या बाजूला उभे राहिले आणि एकेकाला दंडाला धरून आतल्या अंगाने पुढे सोडले. मलाही. कारण विचारले ते ह्यांनी, परत येताना, आणि मग पुंडलिकची हकीकत आम्हाला कळली.

हे गेल्यावरही मी गटाबरोबर जात राहिले. शहर वाढत होते. जालना रोडला दोन्ही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. सुट्टीच्या दिवशी त्या इमारतींतली मुले टेकड्या शोधत निघू लागली. अभयारण्याची पाटी लागली आणि कडेवाटेवर अनोळखी पावले वाढली. कडुबांना ते सहन होईना. "आपण असलो तर दंडाला धरू, वहिनी. आपण नसलो तर?" असे ते मला म्हणाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी वनरक्षकाला विचारून वाटेवर खुणा करायचे ठरवले. गुलमंडीजवळच्या दुकानातून रंगाचे डबे घेतले. ऊन-पावसात वर्षानुवर्षे टिकणारा त्यांना एकच रंग माहीत होता, लोखंडाला मारतात तो केशरी प्रायमर. दगडांवर त्या रंगाचे बाण काढत ते वाट चालले. उंबराच्या वळणावर बाण पुरेसा वाटला नाही. तिथे त्यांनी गुडघ्याएवढा एक उभट दगड लावला, तो सबंध रंगवला आणि वर आतल्या दिशेचा बाण पांढऱ्याने काढला. माणूस लांबूनच बघेल आणि आत वळेल, हा हिशोब.

या हिशोबात काय चुकले ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. कडुबांच्या घरात देव नव्हते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर भागूबाईंनी आणि त्यांच्या मालकांनी देव्हाऱ्यातले सगळे टाक पाटीत घालून नदीत सोडले होते. कडुबा तेव्हा तान्हे होते. त्यांनी तो रंग जन्मभर पाहिला तो लोखंडावर. रानात उभ्या, केशरी रंगाने माखलेल्या दगडाला कोळधारात काय म्हणतात, हे त्यांना सुचलेच नाही. आणि देवाला लावतात तो शेंदूर आणि लोखंडाला लावतात तो प्रायमर मुळात एकाच जातीचे, हे मलाही फार उशिरा कळले.

दुष्काळ परत आला. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. कोळधारच्या विहिरींनी तळ दाखवला, टँकर आठवड्याला एकदा येई. गावातल्या केसरबाई पहाटे सरपण गोळा करायला कडेवाटेने गेल्या तर वळणावर हा दगड. त्या वर्षी सगळीकडचे पाणी आटले, पण उंबराचा झिरा आटला नाही. केसरबाईंना या दोन गोष्टींचा संबंध लावायला वेळ लागला नाही. चार जणांनी दगड उचलून सपाटीवर नेला, उंबराखाली ठेवला, पाण्याने धुतला, आणि वर खरा शेंदूर लावला. पांढरा बाण त्याखाली गेला.

उन्हाळ्यात शहरातली काही कॉलेजची मुले आली. बाण पाहत पाहत ती वळणापर्यंत नीट पोचली. तिथे दगड नव्हता. पुढचा केशरी रंग दिसला तो खाली, झाडाखाली. हिमानी नावाची मुलगी सगळ्यांत पुढे होती. ती सपाटीवर उतरली, दगडाच्या पलीकडे वाट असेल म्हणून झाडाला वळसा घालून गेली, आणि मुरूम सुटला. उंबराच्या मुळीत तिची पाठपिशवी अडकली म्हणून ती राहिली. खांद्याचे हाड मोडले.

वनरक्षकाने कडुबांना फोन करून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. आत बसा म्हटले तर बसले नाहीत.

"वहिनी, माझ्या दगडानं तिला तिथं नेलं," ते म्हणाले. "पुंडलिक गेला त्याच जागी."

आम्ही तिघे कोळधारला गेलो. कडुबा, मी आणि त्यांचा मुलगा सम्यक. सम्यक कॉलेजात इतिहास शिकवतो. गाडी त्याची होती. उंबराखाली केसरबाई दोन बायकांबरोबर घागरी भरत होत्या. मळलेले नऊवारी लुगडे, कपाळावर बुक्का, आवाज रानात हाकारे घालून मोठा झालेला. कडुबांना त्यांनी ओळखले.

"ये रं कडुबा. लई दिसानं. आई बरी हाय का?"

"बरी हाय, मावशी. एक बोलायचं व्हतं. ह्यो दगड वर न्यावा लागंल. वळणावरचा हाय त्यो."

"कोण नेतंय?" केसरबाईंनी घागर खाली ठेवली. "बसलेला देव कुनी हलवतं व्हय?"

"देव नाय त्यो. म्या लावला. रंग माझा. कंपनीत लोखंडाला मारतात त्यो."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. केसरबाईंनी मात्र मान हलवली, जणू अपेक्षित तेच ऐकले.

"तूच लावला ना? आन लावायची बुद्धी कुनी दिली?"

"चिकलठाण्याच्या कंपनीनं," कडुबा म्हणाले.

एक बाई फसकन हसली. केसरबाईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "कुनाच्या का हातानं यीना, आला तवा झिरा ऱ्हायला. खालच्या वाडीत जाऊन बघ, हंडाभर पाण्यासाठी डोकी फुटत्यात. उद्या दगड हलवला आन पाणी गेलं, मंग? तू दिशील आणून चिकलठाण्याहून?"

"आन उद्या पोरगी मेली, मंग?"

केसरबाईंनी उंबराच्या मुळीकडे पाहिले. मुलगी मुळीला लटकली होती तेव्हा तिचा ओरडा सगळ्यांत आधी त्यांनीच ऐकला होता, हे आम्हाला मागाहून कळले. दोर म्हणून त्यांनी स्वतःचे लुगडे सोडून दिले होते. त्या हळू आवाजात बोलल्या. "वर न्यायचा तर गाव ऐकायचं नाय. एक कर. देवाच्या पाठीला भिंत नाय, ओटा नाय. तू लावलास म्हंतो ना? मंग तूच बांध. ह्या कातळापासनं त्या कातळापत्तोर. पाठीमागं कुनी जायचंच नाय."

सम्यक इतका वेळ वर वाटेवर उभा होता. परत जाताना गाडीत तो बोलला तो सरळ आरशात बघून.

"दादा, तुम्ही देवाचा ओटा बांधणार?"

"भिंत बांधायची म्हंतो."

"भिंतीपुढं काय असेल? आजोबांनी पाटीभर देव नदीत सोडले, त्याबद्दल गावानं त्यांचं पाणी तोडलं. ते वर्षभर कसे जगले ते आजी सांगते. आणि तुम्ही त्याच गावाला नवा देव घडवून द्यायचा, वर चौथरा. वस्तीत काय तोंड दाखवणार आहात?"

"मग काय करू?"

"सकाळी लवकर जाऊन उचला आणि द्या कड्याखाली. रंग तुमचा, दगड तुमचा."

"फेकला तर गाव कुनाला धरंल?" कडुबा म्हणाले. "मला नाय. मी शहरात. वस्तीतल्या बायकांना उंबरावर येऊ देणार नाय. आत्ताच त्या शेवटी भरतात."

"आत्तासुद्धा?" मी विचारले.

"कुनी म्हणत नाय तसं, वहिनी. त्या आपल्या थांबतात. गावाचं झालं की मुळाशी काय राहतं? मग पलीकडं जातात. म्हणून तर म्हणतो, नुसतं शहरातल्या पोरांचं नाय."

घरी आल्यावर ते पंधरवडाभर कुठे गेले नाहीत. सम्यकची बायको मला फोनवर म्हणाली, जेवतात आणि गच्चीवर जाऊन बसतात. मी त्यांच्या जागी काय केले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या घरात देव आहेत, मला ओटा बांधायला काहीच जड गेले नसते. म्हणूनच मी त्यांना सल्ला दिला नाही.

मग एके दिवशी त्यांचा फोन आला. सिमेंटची दोन पोती आणि थापी घेऊन ते टेम्पोतून चालले होते. मीही गेले. या वेळी उंबराखाली केसरबाईंबरोबर गावातले पाच-सात पुरुष होते. कडुबा आल्या आल्या म्हणाले, "मावशी, बांधतो. पण माझं दोन बाबतींत ऐकायचं. एक, मी हात जोडणार नाय आन नारळ फोडणार नाय. कुनी आग्रह करायचा नाय."

"तुझ्या जोडल्या हातांचं काय करायचं? थापी धरणारे हात पायजेत," केसरबाई म्हणाल्या. "दुसरं बोल."

"दुसरं, भिंत झाली की पलीकडं पाणी भरता येणार नाय. समद्यांनी ह्याच मुळाशी भरायचं. जो आधी आला त्यो आधी. वस्तीची बाई आधी आली तर ती आधी."

पुरुषांपैकी एक जण पायाने माती उकरू लागला. दुसरा म्हणाला, "आमी कवा नाय म्हनलं?"

"म्हनलं नाय. पर व्हतंय तसंच," कडुबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "माझा भाऊ पलीकडं का गेला व्हता? तहान तर तुमालाबी व्हती."

उंबराच्या पानांतून वारा वाहत होता. वाहत्या पाण्यासारखा त्याचा आवाज येतो, आणि त्या वर्षी तो ऐकवत नसे. शेवटी केसरबाईंनी आपली रिकामी घागर उचलली आणि झिऱ्यापासून बाजूला, रांगेत ठेवावी तशी ठेवली. "मी सोताच्या डोळ्यांनी बघीन," त्या पुरुषांना म्हणाल्या. "पहाटं मीच असते हितं. कुनी नंबर मोडला तर त्याची घागर कड्याखाली."

त्या बाईंनी तो शब्द पाळला असे मी ऐकते. नेहमीच पाळला गेला असेल असे नाही. दुष्काळात रांगा मोडतात.

भिंतीचे आणि दगडाभोवतीच्या ओट्याचे काम आठवडाभर चालले. दगड तिथलेच होते. अर्धवट रस्त्याच्या कडेला बहात्तर साली फोडून ठेवलेल्या खडीचे आणि डबराचे ढीग अजून पडलेले होते. गावातली दोन माणसे डबर वाहून आणत, कडुबा बांधत. भिंतीच्या दगडांची देवाकडची बाजू ते सारखी करत, पण शेंदूर लावलेल्या दगडाकडे बघत नसत. एकदा केसरबाईंनी ओट्यावर फूल ठेवले, तेव्हा ते थापी घेऊन दुसऱ्या टोकाला गेले आणि बाई उठेपर्यंत तिकडचे सांधे भरत राहिले. वस्तीतून कोणी मदतीला आले नाही. दोघे-तिघे वर वाटेवर येऊन उभे राहिले आणि एकाने मोठ्याने विचारले, "काय पुजारीबुवा, कधी बसवताय कळस?" कडुबांनी पुढचा दगड बसवला. संध्याकाळी हात धुताना मला म्हणाले, "त्यांचं चुकत नाय, वहिनी. मीबी तसंच म्हनलो असतो."

भिंत झाली त्या दिवशी भागूबाई आल्या. ऐंशीच्या पुढचे वय, पाठ वाकलेली. सम्यकने त्यांना चिकलठाण्याहून गाडीत आणले होते आणि वरून सपाटीपर्यंत हाताला धरून उतरवले. पुंडलिक गेल्यानंतर त्या या वळणावर कधीही आल्या नव्हत्या. सम्यक त्यांना मुद्दामच घेऊन आला होता, असे मला वाटते. जे तो वडिलांना पटवू शकला नाही ते आजी एका वाक्यात सांगेल, या आशेने.

कडुबा थापी हातात धरून उभे राहिले. सगळा आठवडा मी त्यांना घाबरलेले पाहिले नव्हते, आता पाहिले.

भागूबाई दगडासमोरून गेल्या. थांबल्या नाहीत. ओट्यावर चढल्या, दगडाच्या बाजूने मागे गेल्या आणि भिंतीला हात लावला. एका कातळापासून दुसऱ्या कातळापर्यंत त्या हात टेकवत चालल्या. मधेच थांबून एक दगड हलतो का ते पाहिले. हलला नाही. मग त्या टाचा उंचावून पलीकडे बघायला लागल्या. त्यांची उंची पुरली नाही. "पलीकडं दिसतं का काय?" त्यांनी सम्यकला विचारले.

"दिसतं," सम्यक म्हणाला. त्याला आजीचा रोख कळला नव्हता.

"तुला दिसतं म्हंजी तुझ्याएवढं पोरगं हिच्यावर हात टेकून उडी मारून बसंल. फोटो काढायला." भागूबाई मुलाकडे वळल्या. "आखडतं कामून घेतलं? अजून दोन थर चढव."

कडुबांनी थापी खाली ठेवली. "आई, लोक म्हणतात..."

"म्हणू दे. त्यांचं लेकरू गेलं नाय हितून." दगडाकडे त्यांनी तेव्हाही पाहिले नाही. "मला जय भीम शिकवू नको, म्या तुझ्या आधी म्हनलाय. सिमेट हाय का संपलं?"

"हाय."

"मंग?"

कडुबांनी घमेल्यात पाणी ओतले. सम्यकने बाह्या दुमडल्या आणि तो वरच्या ढिगाकडे डबर आणायला गेला. उन्हे कलेपर्यंत दोन थर चढले. भागूबाई तोवर ओट्याच्या कडेला भिंतीला पाठ लावून बसून होत्या, आणि सांधा कुठे कोरडा राहतो आहे ते बोटाने दाखवत होत्या.